सातबारा: एक जुनं सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर शिकताना आम्हाला बँकेची आणि शॉपिंग ॲपची उदाहरणं द्यायचे. मला ते खरं कळलं देवळी तालुक्यातल्या आमच्या शेताचा सातबारा मोबाइलवर उघडला तेव्हा.

सातबारा म्हणजे दोन गाव नमुने. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक कोणतं. पण खरी करामत नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत आहे. सातवरचं नाव थेट बदलता येत नाही. आधी सहामध्ये नोंद पडते, तिला क्रमांक मिळतो, नमुना 9 ची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. नोंद घेतो तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच), मंजूर करतो मंडळ अधिकारी. जुनं नाव पुसत नाहीत. पूर्वी ते कंसात जायचं, 2020च्या नव्या नमुन्यापासून त्यावर आडवी रेघ येते.

प्रोग्रामर याला 'इव्हेंट सोर्सिंग' म्हणतात. पासबुकातली शिल्लक खोडायची नाही, खाली नवी ओळ लिहायची. ई-फेरफार प्रणालीने हे शोधलं नाही. 1966च्या जमीन महसूल संहितेत बसलेली रचना तिने कोडमध्ये उतरवली, आणि ती मोडली नाही, हे मला तिचं मोठं शहाणपण वाटतं.

आता आमचा सातबारा. त्यावर तीन नावांवर रेघ आहे, तिघी माझ्या आत्या. आजोबा गेल्यावर वारस म्हणून चढल्या, दोन वर्षांत हक्कसोडपत्राने उतरल्या. क्रमांक, तारीख, सगळं जागच्या जागी. धाकट्या आत्याला विचारलं, सही का केली? म्हणाली, "भावासंग कोन भांडन बाप्पा? माहेर तुटते मंग."

हे वाक्य कुठल्या रकान्यात टाकणार? सिस्टिम सही तपासते, आणि 15 दिवसांची शांतता म्हणजे होकार धरते. हा डिफॉल्ट कुणीतरी ठरवलेला आहे, म्हणून तो बदलताही येईल. नाव उतरणाऱ्या बाईच्या मोबाइलवर तिच्या वाट्याचं क्षेत्र आकड्यात दाखवणारा एक स्क्रीन, आणि त्यानंतरच मंजुरी. एवढं डिझाइन अवघड नाही. जिने सगळ्या नोंदी जपल्या, त्या रचनेकडून मी एवढी अपेक्षा ठेवतो.

आत्याला सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट पाठवला. तिने तो बोटांनी मोठा करून पाहिला असावा, कारण थोड्या वेळाने फोन आला.

"दिसते ना रे अजून माह्यं नाव. रेघीखाली."