मुलाखतीचा पाठ : लेखकाचा शब्द आणि नोंदकर्त्याचा हात

'मुलाखत' हा शब्द मराठीत अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात त्याचा अर्थ केवळ भेट असा आहे. भेटीतील प्रश्नोत्तरे हा त्याला पुढे चिकटलेला अर्थ, आणि त्या प्रश्नोत्तरांचा छापील मजकूर हा तिसरा. भेट, बोलणे आणि छापील पाठ या तीन वेगळ्या गोष्टी असूनही त्या एकच आहेत असे समजण्याची सवय आपल्या वाङ्मयीन अभ्यासास लागली आहे. प्रस्तुत लेखात या सवयीचा विचार करावयाचा आहे.

या विचाराचे निमित्त प्रबंधांचे आहे. हयात लेखकावरील एम.फिल.च्या प्रबंधिकेस परिशिष्ट म्हणून त्या लेखकाची मुलाखत जोडण्याची पद्धत आपल्याकडे रूढ होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवी बंद झाली. ही पद्धत मात्र पीएच.डी.च्या प्रबंधात सुखरूप येऊन पोहोचली. मुलाखत परिशिष्टात असते तोवर तिचा काही उपद्रव नसतो. परंतु 'लेखकाने स्वतःच सांगितल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून एखाद्या कादंबरीच्या अर्थाचा प्रश्न जेव्हा अर्ध्या वाक्यात निकालात काढला जातो, तेव्हा अडचण उभी राहते. मुलाखत कोणी, केव्हा, कोठे घेतली, ध्वनिमुद्रित केली की आठवणीवरून लिहिली, लेखकाने नंतर तीत फेरफार केले काय, यांपैकी कशाचीच नोंद बहुधा नसते. असा कागद इतिहासाच्या अभ्यासकापुढे ठेवला तर तो पहिल्या तपासणीतच बाजूला सारील. गंमत अशी की, याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात विम्सॅट आणि बिअर्डस्ले यांच्या १९४६ च्या निबंधाचा आणि रोलाँ बार्थ यांनी घोषित केलेल्या लेखकाच्या मृत्यूचा आदरपूर्वक उल्लेख असतो. पहिल्या प्रकरणात मृत झालेला लेखक तिसऱ्या प्रकरणात साक्ष देण्यास उभा राहतो, आणि मार्गदर्शकासही त्यात काही विसंगत वाटत नाही.

लेखकाशी झालेल्या संभाषणाचे युरोपातील सर्वांत प्रसिद्ध पुस्तक म्हणजे योहान पेटर एकरमान यांनी नोंदविलेली गटे यांची संभाषणे होत. एकरमान १८२३ साली वायमारला आले आणि मार्च १८३२ मध्ये गटे यांचे निधन होईपर्यंत त्यांच्या सहवासात राहिले. पुस्तकाचे पहिले दोन भाग १८३६ साली, तर तिसरा भाग १८४८ साली प्रसिद्ध झाला. नोंदी दिनांकवार आहेत. त्यामुळे वाचकाचा समज असा होतो की त्या त्या रात्री घरी येऊन एकरमान यांनी त्या लिहून काढल्या असाव्यात. वस्तुस्थिती तशी नाही. अनेक नोंदी त्रोटक टिपणांवरून पुष्कळ काळाने विस्तारून लिहिलेल्या आहेत, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. तिसऱ्या भागाचा काही अंश तर फ्रेदेरिक सोरे या दुसऱ्याच गृहस्थाच्या टिपणांवर आधारलेला आहे.

याचा आपल्या अभ्यासाशी थेट संबंध आहे. तौलनिक साहित्याच्या मराठी पाठ्यपुस्तकांतून 'विश्वसाहित्य' ही कल्पना गटे यांच्या नावावर सांगितली जाते. तिचा आधार म्हणून ३१ जानेवारी १८२७ च्या संभाषणाकडे बोट दाखविले जाते, ज्यात एका चिनी कादंबरीच्या निमित्ताने गटे राष्ट्रीय साहित्याचे दिवस सरल्याचे सांगतात. हा उतारा वाचकांपुढे आला तो गटे यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, एकरमान यांच्या गद्यात. म्हणून तो खोटा ठरत नाही. गटे यांनी स्वतःच्या नियतकालिकात १८२७ सालीच हा शब्द छापलेला आहे, म्हणजे कल्पना त्यांचीच. परंतु त्या उताऱ्यातील वाक्यांचा डौल, चिनी कादंबरीपासून विश्वसाहित्यापर्यंतची ती सहज चढण कोणाची, याचे उत्तर एकट्या गटे यांचे नाव घेऊन देता येत नाही. आपण उद्धृत करतो ते बहुधा एकरमान यांना, आणि तळटीप देतो ती गटे यांच्या नावाने.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, आणि विज्ञानाच्या प्राध्यापकांनाही त्यात रस वाटावा. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळील कापुट येथे रवींद्रनाथ ठाकूर आणि आल्बर्ट आइन्स्टाइन यांची भेट झाली. सत्य मानवी मनापासून स्वतंत्र असते काय, हा चर्चेचा विषय होता. मानव नसला तरी सत्य आणि वास्तव राहीलच, अशी आइन्स्टाइन यांची श्रद्धा होती. मानवी अनुभवाच्या बाहेरील सत्याला आपल्या दृष्टीने काही अर्थच उरत नाही, अशी रवींद्रनाथांची भूमिका होती. आइन्स्टाइन यांची भाषा जर्मन, रवींद्रनाथ बोलणार इंग्रजीत. मध्ये दुभाष्या आलाच. वृत्तांत प्रथम 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या मासिक पुरवणीत १० ऑगस्ट १९३० रोजी प्रसिद्ध झाला, तो दिमित्री मारियानॉफ यांच्या लेखणीतून. हे आइन्स्टाइन यांच्या सावत्र मुलीचे पती. नंतर जानेवारी १९३१ च्या 'मॉडर्न रिव्ह्यू'त आणि त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या 'द रिलिजन ऑफ मॅन' या ग्रंथाच्या परिशिष्टात हे संभाषण आले. हे पाठ शब्दशः एकमेकांशी जुळत नाहीत.

या भेटीविषयी पूर्व आणि पश्चिम, काव्य आणि विज्ञान अशी जोडनावे लावून पुष्कळ लिहिले गेले आहे. हे लिहिणाऱ्यांपैकी फारच थोडे आपण कोणता पाठ वाचत आहोत हे सांगतात. एक पाठ आइन्स्टाइन यांच्या घरच्या माणसाने सिद्ध केलेला, दुसरा रवींद्रनाथांच्या स्वतःच्या ग्रंथातला; दोन्हींत प्रत्येक बाजूने थोडे बहुत सावरून घेतले असणे अगदी स्वाभाविक आहे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला याने फरक पडतो. 'सत्य' आणि 'वास्तव' हे दोन शब्द या संवादात कोठे एकमेकांच्या जागी वापरले गेले आणि कोठे वेगळे ठेवले गेले, यावर दोघांचा खरा मतभेद किती होता हे ठरते. आणि दुभाष्या व टिपणकार यांच्या हातून पहिली गफलत व्हायची ती अशाच शब्दांच्या जोड्यांत.

'पॅरिस रिव्ह्यू'ने या प्रश्नावर एक वेगळाच तोडगा काढला. १९५३ साली पहिल्याच अंकात त्यांनी ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत छापली आणि पुढे ती एक परंपराच झाली. मजकूर लेखकाकडे परत पाठवावयाचा, त्याने हवे ते बदलावयाचे, असा तेथील रिवाज. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या हेमिंग्वे यांच्या मुलाखतीच्या प्रास्ताविकात तर जॉर्ज प्लिम्प्टन सांगूनच टाकतात की, अनेक उत्तरे लेखकाने लिहून सिद्ध करणे पसंत केले. येथे संभाषणाचा अभिनय आहे, पण लपवाछपवी नाही. हा पाठ लेखकाचा निबंध म्हणूनच वाचावा, आणि तसा तो वाचला की त्याची उंची कळते. पुराव्याच्या दृष्टीने मात्र त्यात उत्स्फूर्त असे काही शोधू नये.

मराठीत या बाबतीत आपल्याजवळ सातशे वर्षांहून जुना आदर्श आहे, आणि तो आपण अगदी निराळ्या प्रश्नपत्रिकेत शिकवतो. लीळाचरित्रात म्हाइंभटांनी केले ते काय? श्रीचक्रधरांचे बोलणे ज्यांनी ऐकले त्यांना गाठावे, विचारावे, एकाचे स्मरण दुसऱ्याच्या स्मरणाशी ताडून पाहावे. महानुभाव परंपरा सांगते की, मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाल्यावर तिचे पाठ पुन्हा स्मरणातून सिद्ध करावे लागले. हिराइसा, परशरामबास यांच्या नावे असे पाठ सांगितले जातात. स्मरणे जुळली नाहीत तर मतांतर नावासह नोंदविण्याची शिस्त या ग्रंथपरंपरेत दिसते. शिष्याने गुरूचे शब्द जपणे आणि पत्रकाराने लेखकास प्रश्न विचारणे यांत अंतर आहे, हे मान्य. म्हाइंभटांना चक्रधरांची उलटतपासणी करावयाची नव्हती. पण 'हे शब्द कोणाकडून आले' हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. आजच्या दिवाळी अंकातील मुलाखत मात्र शब्दांकन करणाऱ्याचे नाव शेवटी बारीक टंकात देते, आणि कधी तेही नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'निवडक मुलाखती' २००८ साली ग्रंथरूपाने आल्या. अशा पुस्तकाची ग्रंथालयातील नोंद मुलाखत देणाऱ्याच्या नावाने होते. प्रश्न विचारणारे आत राहतात. नेमाडे यांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. देशीवादाची त्यांची मांडणी 'टीकास्वयंवर' (१९९०) मध्ये युक्तिवादाच्या अंगाने येते. कथा या प्रकाराविषयीचे त्यांचे मत मात्र बहुतेक प्राध्यापकांना ठाऊक असते ते कोठे तरी बोललेल्या वाक्याच्या रूपात. बोललेले वाक्य समोरच्या प्रश्नाला टोला म्हणून येते. प्रश्न गाळून तेवढेच उद्धृत केले की ते सिद्धांतासारखे दिसू लागते, आणि मग त्या सिद्धांताच्या खंडनार्थ शोधनिबंध लिहिले जातात. जी. ए. कुलकर्णी यांनी सभामंच टाळला. त्यांच्या अभ्यासकांनी मुलाखतींऐवजी पत्रांचा आधार घेतला. पत्राला निदान दिनांक, पत्ता आणि ज्याला लिहिले तो माणूस तरी असतो.

आणखी एक बाब भाषेची. खानदेश, वऱ्हाड वा कोकणातील लेखक बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात बोलीचा वास असतो, वाक्ये अर्धवट सुटतात, मध्येच हसू येते. छापताना हे सगळे प्रमाण भाषेत इस्त्री करून येते. लीळाचरित्राच्या गद्यात बोलण्याची लय टिकली म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. आणि आपल्याच विद्यार्थ्याने लेखकाचे बोलणे जसेच्या तसे उतरवून आणले तर लाल शाईने त्याचे शुद्धलेखन सुधारतो.

आता प्रत्येक संशोधकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन आहे. ध्वनिफितीची प्रत आणि असंपादित लिप्यंतर प्रबंधासोबत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करावे, अशी अट घालण्यास फारसा खर्च येणार नाही. संपादित पाठ छापावयाचा तर कोठे काय गाळले हे चिन्हाने दाखविता येईल. मात्र ही अट घालण्यापूर्वी लेखकाची लेखी संमती कोणत्या शब्दांत घ्यावयाची, हे विद्यापीठांच्या भाषा अभ्यास मंडळांना ठरवावे लागेल; कारण ध्वनिफितीवर तो जे बोललेला असतो त्यातील काही छापण्यास त्याने नंतर नकार दिलेला असतो, आणि तो नकार किती वर्षे पाळावयाचा, याविषयी आपल्या नियमांत आज तरी एक ओळही नाही.