आयसीडीएसमधील ‘एकात्मिक’ : एक टीकात्मक टिपण

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत सहा सेवा आहेत. त्यांपैकी लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा या तीन आरोग्य खात्यामार्फत द्यायच्या असतात. म्हणजे दोन खात्यांची सांगड मूळ आराखड्यातच होती. तरीही पाठ्यपुस्तके ‘समन्वयाचा अभाव’ एवढेच लिहून पुढे जातात, जणू दोष कार्यकर्तींच्या स्वभावाचा आहे.

दोष रचनेत आहे. अंगणवाडी साधारणपणे ४०० ते ८०० लोकसंख्येमागे, आशा १००० मागे, तर एएनएमचे उपकेंद्र सपाट प्रदेशात ५००० मागे. एएनएमला वेतन, सेविकेला मानधन, आशाला मुख्यतः कामागणिक मोबदला. सेविका मुलाचे वजन पोषण ट्रॅकरवर नोंदवते. त्याच मुलाची लस आरोग्य खात्याच्या नोंदींत जाते. तीव्र कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रातून घरी परतले की पाठपुरावा कोणी करायचा? कागदावर तिघींनीही. (अशी सामायिक जबाबदारी बहुधा कोणाचीच नसते.)

ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवसाला तिघी अंगणवाडीत एकत्र येतात, ही या व्यवस्थेतील सर्वांत चांगली सोय. पण ती महिन्यातून एकदाच. आणि त्या दिवशीही प्रत्येकीचा अहवाल आपापल्या वरिष्ठांकडेच जातो.