प्रौढ मेंदूतील चेतापेशीनिर्मिती : पुरावा आणि मर्यादा

प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी निर्माण होत नाहीत, हे मत विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. ऑल्टमन व दास यांनी १९६५ मध्ये उंदरांच्या मेंदूतून मांडलेला विरोधी पुरावा उपेक्षितच राहिला. १९९८ मध्ये एरिक्सन, गेज व सहकाऱ्यांनी मानवी हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित भागात, अशा पेशी दाखविल्या. मात्र २०१८ मध्ये सोरेल्स व सहकाऱ्यांना प्रौढांत त्या आढळल्या नाहीत. बोल्द्रिनी व सहकाऱ्यांना वृद्धांतही आढळल्या. मरणोत्तर ऊती जतन करण्याची पद्धत हे या मतभेदाचे एक कारण मानले जाते. २०२५ मध्ये प्रौढांत विभाजनशील पूर्वपेशी सापडल्या, परंतु त्यांचे प्रमाण व्यक्तिपरत्वे भिन्न होते. म्हणून हा निष्कर्ष संपूर्ण मेंदूस लावून वृद्धांना स्मृती परत मिळण्याचे आश्वासन देणे अशास्त्रीय होय.