पडद्यावर मेला, गावी जगला

जे. पी. दत्तांच्या 'बॉर्डर'मध्ये सुनील शेट्टीने उभा केलेला भैरोसिंग लोंगेवालाच्या वाळूत मरतो. 1997 साली त्या प्रसंगाला अख्खं थिएटर रडलं. खरे भैरोसिंग राठोड मात्र त्या लढाईतून जिवंत परतले, सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झाले, जोधपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी म्हातारे झाले आणि डिसेंबर 2022 मध्ये, लढाईनंतर 51 वर्षांनी वारले. 1971 च्या त्या रात्री पंजाब रेजिमेंटची सुमारे सव्वाशे माणसं रणगाड्यांसमोर चौकी धरून बसली आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी रणगाडे टिपले. आपली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी गेली. इतक्या कमी हानीत चौकी राखली, हाच तर तिथला पराक्रम. चित्रपटाला तो पुरला नाही.

दर पंधरा ऑगस्टच्या सुमारास कुणीतरी मला विचारतं, "मुलांना दाखवण्यासारखा एखादा युद्धपट सांगा." तेव्हा मला हे भैरोसिंग आठवतात. शिपाई मेला तरच त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी यावं, ही सवय हिंदी युद्धपटाने आपल्याला लावली आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ती घट्ट होत गेली.

सुरुवात अशी नव्हती. चेतन आनंद यांचा 'हकीकत' 1964 चा. चीनकडून झालेल्या पराभवाला जेमतेम दोन वर्षं झाली होती, जखम ओली होती. अशा वेळी हा माणूस लडाखात गेला आणि त्याने माघारीवर चित्रपट काढला. पलटण मागे हटते आहे, माणसं कमी होत चालली आहेत, थंडी हाडांत शिरली आहे. त्यात बर्फातल्या शिपायांचं एक गाणं आहे. शब्द कैफी आझमींचे, चाल मदनमोहनची, आवाज रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर यांचे. त्यात शत्रूचं नावही नाही. आपल्यामागे घरी तिचं काय होत असेल, एवढाच घोर आहे. 'हकीकत'मधले चिनी सैनिक सोंगासारखे वाटतात, प्रेमकथाही ताणलेली आहे. तरीही हरलेल्या सैन्याकडे इतक्या मायेने पाहणारा दुसरा हिंदी चित्रपट मला दाखवा.

फरहान अख्तरच्या 'लक्ष्य'मध्ये (2004) त्या मायेचा थोडा अंश आहे. कारगिलचा कडा चढताना तिथे धाप ऐकू येते, भीती दिसते. प्रदर्शित झाला तेव्हा लोकांनी त्याला फारसं जवळ केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

'उरी' (2019) आणि 'शेरशाह' (2021) यांची कारागिरी वरच्या दर्जाची आहे. हत्यार धरण्याची पद्धत, तुकडीच्या हालचाली, ध्वनी, सगळं चोख. सर्बियात चित्रीकरण करूनही 'उरी'मधला डोंगर काश्मीरचा वाटतो. हरवलं आहे ते वाट पाहणं. शिपायाचं आयुष्य बहुतेक वाट पाहण्यात जातं: पत्राची, सुट्टीची, कुमक येण्याची, रात्र सरण्याची. आजच्या चित्रपटाला ती रिकामी घटका सोसवत नाही. तिथे लगेच घोषणा येते. समोरच्या माणसाला तर चेहराच उरलेला नाही.

एलेम क्लिमोव्हचा 'कम अँड सी' (1985) पाहिला की घोषणा घशातच विरते. बेलारूसमधला एक पोरगा वाळूत पुरलेली बंदूक शोधून हौसेने लढायला निघतो आणि काही दिवसांत त्याचा चेहरा म्हाताऱ्याचा होतो. नाझींनी माणसांसकट जाळलेल्या तिथल्या शेकडो गावांचा तो चित्रपट आहे. सहलेखक आलेस आदामोविच स्वतः पोरवयात पार्टिझनांबरोबर होते. इसाओ ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (1988) तर ॲनिमेशनपट. कोबे शहरावर बॉम्ब पडतात, आई जाते आणि भाऊ-बहीण उपासमारीने खंगत जातात. ताकाहातांनी लहानपणी ओकायामावरचा हवाई हल्ला भोगला होता. असे चित्रपट सत्तेला झोंबतात. 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' 1930 साली बर्लिनमध्ये लागला, तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडून खेळ बंद पाडले आणि मग चित्रपटावर बंदीच आली.

आता आपल्याबद्दल. मराठी पडद्यावर मावळे आहेत, 'फर्जंद' आणि 'पावनखिंड' लोकांनी डोक्यावर घेतले. मात्र ज्या साताऱ्या-कोल्हापुरातून, कोकणातून पोरं पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेली, तिथला विसाव्या शतकातला शिपाई मराठी चित्रपटाने जवळजवळ सोडूनच दिला. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे आजच्या रायगड जिल्ह्यातले. 10 जुलै 1944 रोजी इटलीत त्यांच्या तुकडीतली बाकीची माणसं पडली, तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनाही तो इटलीतच, 1945 च्या लढाईसाठी मिळाला. ते परतले आणि 1984 पर्यंत जगले. कोकणातला पोरगा परक्या राजासाठी परक्या डोंगरात कशासाठी लढला असेल, त्याच्या घरी तार आली तेव्हा ती कुणी वाचून दाखवली असेल? आणि जाधव परतल्यावर त्यांना रात्री झोप लागत असेल का?

मुलांना 'हकीकत' दाखवा. जरा मोठी झाली की 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' दाखवा आणि शेवटपर्यंत त्यांच्याशेजारी बसा. 'कम अँड सी' मोठ्यांसाठी ठेवा. आणि मराठी दिग्दर्शकांना माझी विनंती आहे: घाडग्यांची गोष्ट करा, पण त्याआधी परत आलेल्या जाधवांची करा.