विकेटची किंमत : गावसकरांच्या तीन ओळी

धावफलक हा वाचायचा मजकूर आहे, असं आपण सहसा मानत नाही. कोण जिंकलं, कुणी किती केल्या, एवढं पाहून पान उलटतो. पण चांगल्या कवितेसारखाच धावफलकही कमी जागेत पुष्कळ सांगतो, आणि सांगितलं त्याहून जास्त दडवून ठेवतो. विश्वचषकाच्या पहिल्या बारा वर्षांतल्या अशा तीन ओळी मला पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात. तिन्हींत नाव एकच आहे.

७ जून १९७५, लॉर्ड्स : गावसकर नाबाद ३६.
२५ जून १९८३, लॉर्ड्स : गावसकर झे. दुजाँ गो. रॉबर्ट्स २.
३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर : गावसकर नाबाद १०३.

पहिली ओळ चेष्टेचा विषय झाली, दुसरी विजयाच्या जल्लोषात कुणाच्या लक्षातही राहिली नाही, तिसरीचं कौतुक झालं. तिन्ही एकत्र वाचल्या की या स्पर्धेचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो. मर्यादित षटकांच्या खेळाने विकेटची किंमत कशी बदलली, त्याचा.

पहिली ओळ विश्वचषकाच्या अगदी पहिल्या दिवसाची आहे. सामना ६० षटकांचा, कपडे पांढरे, चेंडू लाल. इंग्लंडने ४ बाद ३३४ केल्या. डेनिस ॲमिस १३७, कीथ फ्लेचर ६८, आणि शेवटी ख्रिस ओल्डच्या धडाक्यात नाबाद ५१. उत्तरादाखल भारत पूर्ण साठ षटकं खेळला आणि थांबला ३ बाद १३२ वर. पराभव २०२ धावांनी. सलामीला आलेले गावसकर अखेरपर्यंत टिकले. त्यांनी १७४ चेंडू खेळले, म्हणजे डावातल्या ३६० चेंडूंपैकी जवळजवळ निम्मे. त्यांत चौकार एकच.

या खेळीवर हसणं सोपं आहे, आणि पन्नास वर्षं लोक हसत आले आहेत. त्या दिवशी लॉर्ड्सवरचे भारतीय प्रेक्षक मात्र चिडले होते. काही तर मैदानात धावत आले. खेळपट्टी वाईट होती, अशी सबब देता येत नाही, कारण त्याच धावफलकात तीन ओळी खाली गुंडप्पा विश्वनाथ आहेत : ५९ चेंडूंत ३७. खेळपट्टी तीच, गोलंदाज तेच. विश्वनाथांची ही ओळ काही न बोलता वरच्या ओळीवर टीका करते.

तरीही ‘३ बाद १३२’ हे शब्द सावकाश वाचायला हवेत. त्यांत सात विकेट शिल्लक आहेत. कसोटीत ही शिल्लक म्हणजे श्रीमंती. दिवसअखेर सात गडी हातात असले की कर्णधार निवांत झोपतो. गावसकरांना लहानपणापासून हेच शिकवलं गेलं होतं : सलामीवीराने नवा चेंडू खेळून काढायचा, विकेट फेकायची नाही, टिकून राहायचं. मुंबईच्या मैदानांवर त्या शिकवणीला ‘खडूस’पणा म्हणतात आणि ते शिवी म्हणून म्हणत नाहीत. शिवाय आदल्याच वर्षी, जून १९७४ मध्ये, याच लॉर्ड्सवर भारताचा कसोटी डाव ४२ धावांत कोसळला होता. त्या संघात गावसकर होते. समोर ३३५ चं अशक्यप्राय लक्ष्य आणि जिंकण्याची वाट बंद दिसत असताना कसोटीपटूला दुसरी वाट ठाऊक असते, सामना वाचवण्याची. मर्यादित षटकांच्या खेळात ती वाटच नसते. अनिर्णित हा निकालच ज्यात नव्हता, त्या खेळात गावसकर अनिर्णितासाठी खेळत राहिले. मला या खेळीत आळस किंवा रुसवा यांपेक्षा हा गैरमेळ जास्त दिसतो. भाषा एका खेळाची, व्याकरण दुसऱ्या खेळाचं.

हा गैरमेळ एकट्या गावसकरांचा नव्हता. इंग्लंडच्या कौंट्या १९६३ पासून जिलेट चषक खेळत होत्या. आपल्याकडे प्रा. दि. ब. देवधरांच्या नावाची मर्यादित षटकांची स्पर्धा १९७३ मध्ये नुकती सुरू झाली होती. या सामन्याआधी भारत अवघे दोन एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने खेळला होता आणि दोन्ही हरला होता. भारतीय भूमीवर तर असा सामना १९८१ पर्यंत झालाच नाही.

विकेट खर्च करायची असते, हे त्याच स्पर्धेत वेस्ट इंडीजने दाखवलं. २१ जूनच्या अंतिम सामन्यात क्लाइव्ह लॉइडने ८५ चेंडूंत १०२ धावा केल्या. ऑस्ट्रेलियाच्या डावात पाच फलंदाज धावचीत झाले. एकेका धावेमागे विकेट पणाला लावली जात होती, आणि तरी निकाल लागला फक्त १७ धावांनी. हा धडा इतरांना लगेच उमगला असंही नाही. १९७९ च्या अंतिम सामन्यात २८७ च्या लक्ष्यापुढे इंग्लंडच्या माइक ब्रिअर्ली आणि जेफ बॉयकॉट यांनी १२९ ची सलामी दिली, पण त्यासाठी ३८ षटकं घेतली. राखून ठेवलेल्या विकेट मग जोएल गार्नरपुढे एकदम उधळाव्या लागल्या. ११ धावांत आठ गडी गेले आणि डाव १९४ वर संपला. गावसकरांना हसणाऱ्या इंग्लंडने चार वर्षांनी तोच हिशेब चुकवला होता, फक्त जरा श्रीमंती थाटात.

दुसरी ओळ अवघ्या दोन धावांची आहे, आणि ती वाचायला सर्वांत अवघड आहे. १९८३ ची स्पर्धा गावसकरांसाठी वाईट गेली. सहा डावांत मिळून ५९ धावा, मध्ये दोन सामन्यांत संघाबाहेर. अंतिम सामन्यात धावफलकावर दोन धावा लागल्या असताना ते परतले. एरवी तिथेच भारताचं काय होणार हे ठरून जायचं. त्या दिवशी ठरलं नाही.

सर्व बाद १८३. वरून खाली वाचत गेलं तर एकही अर्धशतक नाही. श्रीकांत ३८, संदीप पाटील २७, अमरनाथ २६. चौथा मोठा आकडा कुणा फलंदाजाचा नाही, अवांतर धावांचा आहे : २०. मग मदनलाल १७, कपिल १५, किरमाणी १४, यशपाल शर्मा ११, आणि अकराव्या क्रमांकावरचा मुंबईकर बलविंदरसिंग संधू नाबाद ११. शेवटच्या जोडीने २२ जोडल्या. मार्शलचा उसळता चेंडू हेल्मेटवर घेऊन संधू उभा राहिला, त्या या धावा. १९७५ च्या फलकात एका माणसाने अर्धा डाव व्यापला होता. इथे अनेकांनी मूठ-मूठ धान्य टाकून शिधा जमवला. दहाच्या दहा विकेट खर्ची पडल्या आणि तरी ५.२ षटकं उरली. हा हिशेबही आदर्श म्हणता येणार नाही, पण त्यात धडपड आहे. १३२ मध्ये ती नव्हती.

खरी गंमत उत्तरार्धात आहे. वेस्ट इंडीजला ६० षटकांत १८४ हव्या होत्या, षटकाला जेमतेम तीन. इथे घाईची गरजच नव्हती. व्हिव रिचर्ड्सच्या ओळीत २८ चेंडूंत ३३ धावा आहेत आणि त्यांत सात चौकार. म्हणजे २८ धावा नुसत्या चौकारांच्या. पुढे ‘झे. कपिल देव गो. मदनलाल’. मागे धावत जाऊन घेतलेला तो झेल आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पण धावफलक झेलाइतकंच त्या फटक्याबद्दलही सांगतो. विकेट उधळायला शिकवणाऱ्या संघाने ती नको तिथे उधळली. १ बाद ५० वरून ६ बाद ७६. दुजाँ आणि मार्शल यांनी सातव्या विकेटला ४३ जोडल्या तेव्हा सामना पुन्हा त्यांच्याकडे झुकत होता. भारत जिंकलाही नेमका ४३ धावांनीच. अशी आणखी एक जोडी जमली असती तर? १९७५ मधल्या गावसकरांसारखा एखादा चिवट माणूस त्या दिवशी वेस्ट इंडीजला हवा होता, असं म्हणण्याचा मोह होतो. विकेटची किंमत कायमची स्वस्त झालेली नाही, ती प्रत्येक सामन्यात नव्याने ठरवावी लागते, हे या फलकाचं मर्म आहे.

गोलंदाजीच्या रकान्यात मोहिंदर अमरनाथ : ७ षटकं, १२ धावा, ३ बळी. वेगवान म्हणावं असं त्या गोलंदाजीत काहीच नव्हतं. दुजाँचा त्रिफळा, होल्डिंग पायचीत, आणि मधली ओळ : मार्शल झे. गावसकर गो. अमरनाथ. त्याआधी गोम्स झे. गावसकर गो. मदनलाल. फलंदाजीत दोन धावांवर संपलेलं नाव समोरच्या संघाच्या डावात असं दोनदा उगवतं. १९८३ वर लिहिताना लोक कपिलच्या झेलाशी थांबतात. मी स्लिपमधल्या या दोन झेलांशीही थांबतो. ज्याच्या शतकावर संघाची सारी भिस्त असायची, त्याच्या शतकाशिवाय संघ जिंकला, आणि त्या विजयात त्याचा वाटा झेलांपुरता होता. भारतीय क्रिकेटमधला हा बदल कुठल्याही अग्रलेखापेक्षा या दोन ओळींत स्वच्छ दिसतो.

तिसरी ओळ नागपूरची आहे, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. १९८३ मध्ये क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. विश्वचषक इंग्लंडबाहेर काढून भारत-पाकिस्तानात आणण्यात त्यांचा पुढाकार होता. उपखंडात दिवस लवकर मावळतो, म्हणून षटकं ६० ची ५० झाली. नागपूरच्या सामन्यावेळी गावसकर ३८ वर्षांचे होते. दहा हजार कसोटी धावा त्याच वर्षी पूर्ण झालेल्या, कसोटी शतकं ३४. एकदिवसीय सामन्यांत शतक मात्र एकही नाही.

न्यूझीलंडने ९ बाद २२१ केल्या. चेतन शर्माने रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांना ओळीने त्रिफळाचीत केलं, विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. भारताला नुसतं जिंकून भागणार नव्हतं. गटात ऑस्ट्रेलियाशी गुण बरोबरीत राहणार होते. धावगतीत पुढे गेलं तर उपान्त्य सामना मुंबईत, नाही तर लाहोरला जायचं. त्यासाठी साधारण ४२ षटकांत लक्ष्य गाठायचं होतं. बारा वर्षांपूर्वी ज्याने षटकांकडे पाहिलंच नव्हतं, त्याच्यापुढे आता षटकांचंच गणित ठेवलं होतं. अंगात ताप होता, तो वेगळाच.

नाबाद १०३, चेंडू ८८, चौकार १०, षटकार ३. चॅटफिल्डच्या एका षटकात दोन षटकार आणि दोन चौकार. श्रीकांतसह १३६ ची सलामी. भारत १ बाद २२४, षटकं ३२.१. लॉर्ड्सवर एका धावेसाठी जवळजवळ पाच चेंडू लागत होते, इथे एका चेंडूत धावेहून जास्त निघत होतं. रसिकाने भाबडं मात्र होऊ नये. न्यूझीलंडकडे रिचर्ड हॅडली नव्हते. आणि या डावातही गावसकर सर्वांत वेगवान नव्हते : श्रीकांतने ५८ चेंडूंत ७५ काढल्या. १९७५ मध्येही साथीदार त्यांच्यापेक्षा वेगात खेळला होता, पण तेव्हा त्या वेगाशी त्यांनी नातं जोडलं नाही. नागपूरला जोडलं. पंचविशीत म्हाताऱ्यासारखा खेळलेला माणूस अडतिशीत पोरासारखा खेळला. तंत्र तेच होतं, बॅट तितकीच सरळ. त्या तंत्राने कशाची राखण करायची, एवढंच बदललं होतं.

दोन्ही टोकांच्या ओळींत ‘नाबाद’ आहे. पहिल्या खेळीत नाबाद राहणं हेच साध्य होतं. तिसऱ्या खेळीत काम उरकल्यावर विकेट आपसूक शिल्लक राहिली.

हा इतिहास इथे गोड संपवता आला असता, पण पुढचा धावफलक तसं करू देत नाही. नागपूरच्या घाईने मिळवलेला उपान्त्य सामना ५ नोव्हेंबरला वानखेडेवर झाला. ग्रॅहम गूचने मनिंदर आणि शास्त्रीच्या फिरकीला स्वीप मारून मारून ११५ केल्या, इंग्लंड ६ बाद २५४. गावसकर ४ धावांवर त्रिफळाचीत झाले, आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली. कपिल ३० वर मिडविकेटला झेल देऊन गेला. शेवटचे पाच गडी १५ धावांत बाद झाले. भारत सर्व बाद २१९, षटकं ४५.३, पराभव ३५ धावांनी.

१९७५ मध्ये भारताच्या सात विकेट वाया गेल्या, १९८७ मध्ये सत्तावीस चेंडू. बारा वर्षांत चूक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली होती. एकदिवसीय क्रिकेटची सारी कला या दोन शिल्लक आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. तिचा तोल नेमका कुठे आहे, हे एकाच फलंदाजाच्या तीन ओळींतून इतकं स्पष्ट दिसावं, म्हणून गावसकरांची नाबाद ३६ ही खेळी मला त्यांच्या नाबाद १०३ इतकीच जपून ठेवावीशी वाटते. पहिली वाचल्याशिवाय तिसरीची गोडी कळत नाही.