सोन्याची वीट आणि टोळीतला माणूस

दुसऱ्या महायुद्धाचा धडा आपल्या महाविद्यालयांत ज्या रीतीने शिकवला जातो, तीत मुंबई शहर जेमतेम दोनदा दिसते. एकदा 8 ऑगस्ट 1942 ला गवालिया टँकवर आणि एकदा फेब्रुवारी 1946 मध्ये, नाविकांच्या बंडात. मधल्या काळात हे शहर काय खात होते, कोणत्या पाळीला जात होते, याला प्रश्नपत्रिकेत एक गुणही नाही. सैनिक लढतो ती एक आघाडी. त्याला कापड, धान्य, दारूगोळा पुरवणारे शहर ही दुसरी, घरची आघाडी. ही दुसरी आघाडी शिकवू नये असे कोणी ठरवले नसेल. पण ती शिकवायची तर जात शिकवावी लागते, आणि तेथे आपल्या पांढरपेशा इतिहासकारांची लेखणी अडखळते.

गिरण्यांचेच पाहा. लष्कराला कापड हवे होते, मालकांना नफा. रात्रपाळ्या जोरात चालू होत्या. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मात्र अस्पृश्याला मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो बाटतो, हे कारण. बाबासाहेबांनी हा प्रश्न 1928 च्या संपाच्या वेळीच ऐरणीवर आणला होता. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंटची पलटण उभी राहिली. सरकारला महार रणांगणावर चालत होता. मागाजवळ तो कोणालाच चालत नव्हता. पलटणीतल्या जवानाच्या अंगावर जे कापड चढत होते, ते विणण्याचा अधिकार त्याच्या गिरणीतल्या भावाला नव्हता. हे एक वाक्य वर्गात उच्चारले, की ‘राष्ट्राचा युद्धप्रयत्न’ या शब्दाचे काय उरते ते विद्यार्थी आपण होऊन सांगतात.

रेशनिंगची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी शिधापत्रिका असते, आणि ती गरिबांवरच्या दयेची खूण आहे असे त्यांना शिकवले गेलेले असते. मुंबईत 2 मे 1943 ला रेशनिंग सुरू झाले ते सगळ्या शहरासाठी. मलबार हिलवरचे पोटही मोजले गेले आणि कामाठीपुऱ्यातलेही. कायद्याने माणशी धान्य मोजावे आणि जात विचारू नये, हे या देशात थोडेथोडके नव्हते. रांगेत मात्र मलबार हिलचा मालक उभा राहत नव्हता, त्याचा गडी राहत होता. तरीही हे कार्ड भीक म्हणून आलेले नाही, एवढे कळल्यावर एका मुलीने घरी जाऊन आजीला विचारायचे ठरवले, हे मला परीक्षेच्या निकालापेक्षा मोलाचे वाटते.

साहित्याच्या वर्गातही हीच तऱ्हा आहे. युद्धाने हादरलेले शहर म्हटले की मर्ढेकर. ‘काही कविता’ 1947 ची. यंत्रयुग, माणसाचे तुटलेपण, वगैरे. मर्ढेकर मोठे कवी आहेत याबद्दल वाद नाही. पण जो माणूस गावकुसाबाहेर जन्मापासून तोडलेलाच होता, त्याचे तुटलेपण युद्धाने सुरू झाले काय? त्याच मुंबईत गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. परक्या देशातले एक शहर कसे झुंजते, हे त्यांनी मुंबईच्या कामगाराला त्याच्याच शाहिरी बोलीत सांगितले. हा पोवाडा मर्ढेकरांशेजारी ठेवून शिकवला पाहिजे, ‘लोकसाहित्य’ म्हणून परिशिष्टात ढकलून नव्हे. शिकवताना एवढेही विचारावे, की व्होल्गाकाठचे शहर ज्या चळवळीला इतके जवळ दिसले, तिला आपल्याच गिरणीतले साचेखाते दूर का राहिले? हा प्रश्न अण्णा भाऊंच्या एकट्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. तो पक्षाचा आणि युनियनचा आहे.

मुंबईवर शत्रूचा बॉम्ब पडला नाही. ब्लॅकआउट झाले, भोंगे वाजले. पण शहर उडाले ते आपल्याच गोदीत. 14 एप्रिल 1944 ला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. सुमारे 1,400 टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकाच जहाजात. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते; तो त्यांचा जन्मदिवस. सेन्सॉरने बातमी काही आठवडे दाबून धरली. या स्फोटाविषयी मुलांना काय माहीत असते? सोन्याची वीट! जहाजावरची एक वीट मैलभर उडून कोणाच्या तरी घराचे छप्पर फोडून पडली, त्याने ती प्रामाणिकपणे परत केली. वीट कोठे पडली ते ठाऊक. माणसे किती मेली याचे आकडे मात्र सुमारे आठशेपासून तेराशेपर्यंत हेलकावे खातात. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ सप्ताह पाळला जातो, आणि ते योग्यच आहे. ते दलात होते, त्यांचे नाव हजेरीवर होते. गोदीतला मजूर टोळीवाल्याच्या हाताखाली रोजच्या रोज कामाला लागे. सकाळी घेतला तर घेतला.

मी हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला: “सर, टोळीवाल्याने तरी मोजली असतील ना?”

गोदी कामगारांची नोंदणी करण्याचा कायदा 1948 चा आहे, असे मी फळ्यावर लिहिले.