ई-पुस्तकांची खरेदी आणि वाचकाचा हक्क : एक चिकित्सा

छापील ग्रंथ विकत घेतल्यानंतर त्या प्रतीवर वाचकाचा हक्क प्रस्थापित होतो. ती प्रत तो दुसऱ्यास वाचावयास देऊ शकतो, विकू शकतो किंवा ग्रंथालयास भेट देऊ शकतो. विकलेल्या प्रतीची पुढील किंमत प्रकाशकाला ठरविता येणार नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच दिला होता. ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र या हक्काचा संकोच झालेला दिसतो.

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या व पैसे परत केले. ज्या प्रकाशकाने त्या विक्रीस ठेवल्या होत्या, त्याच्याकडे अमेरिकेतील हक्क नव्हते. या घटनेतील उपरोधाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु मूळ प्रश्न वेगळा आहे. छापील पुस्तकाच्या विक्रीत अशी चूक झाली असती तर विक्रेता वाचकाच्या घरात शिरून पुस्तक उचलू शकला नसता. कंपनीने पुढे क्षमा मागितली, तरी तिच्या हाती असलेले सामर्थ्य त्यातून उघड झाले.

या सामर्थ्याचे मूळ फाइलच्या स्वरूपात आहे. २००७ मध्ये मान्यता पावलेला ‘ईपब’ हा खुला साचा आहे. तथापि खुल्या साच्यालाही कुलूप घालता येते आणि त्याची किल्ली विक्रेत्याच्या सर्व्हरवर राहते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तेथील पुस्तके वाचता येईनाशी झाली. पैसे परत मिळाले, ग्रंथसंग्रह मात्र गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉननेही खरेदी केलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीद्वारे किंडलवर नेण्याची सोय बंद केली.

चौर्य रोखण्यासाठी असे संरक्षण आवश्यक आहे, हा प्रकाशकांचा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नाही. मराठीसारख्या मर्यादित बाजारपेठेत तर लेखक-प्रकाशकांची चिंता रास्तच आहे. परंतु चोरीची प्रत वापरणाऱ्यास कुलूपच नसते. त्याचा जाच प्रामाणिक ग्राहकालाच होतो. भारतीय प्रतिलिप्यधिकार कायद्यात २०१२ मध्ये समाविष्ट झालेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करते. कायद्याने निषिद्ध न ठरविलेल्या हेतूंना मात्र ते वगळते. ही भूमिका समतोल आहे. तथापि कुलूप उघडण्याचे साधन वाचकापाशी नसेल, तर ही मुभा कागदावरच राहते.

कॅलिफोर्निया राज्यात जानेवारी २०२५ पासून, केवळ परवाना दिला जात असल्याचे स्पष्ट न करता डिजिटल वस्तूंसाठी ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास मनाई आहे. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी ती शब्दापुरती आहे. हक्क त्यातून मिळत नाही. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ई-पुस्तकांवर निधी खर्च करताना फाइलचे स्वरूप, प्रत जतन करण्याची मुभा आणि विक्रेत्याची सेवा बंद झाल्यानंतरची व्यवस्था या तीन बाबी करारात लेखी नोंदवून घेणे अगत्याचे ठरते. अन्यथा दाखलनोंदवहीत ग्रंथ असेल आणि वाचकाच्या हाती तो नसेल, अशी स्थिती उद्भवू शकते.